काकूंचं उलटं पुस्तक

देवानं लातूर जिल्ह्यासाठी पाठवलेली सगळी लाज आमच्या घरमालकीण काकूंनी एकट्यांनीच घेतली असावी. अकरावीला क्लाससाठी मी अहमदपूरहून लातूरला येऊन त्यांच्याकडे खोली घेतली, तेव्हाची गोष्ट. काकू कुणादेखत जेवत नसत. हसू आलं की भिंतीकडे तोंड करत. फोटोला उभ्या राहिल्या तर फोटोत नुसतं लुगडं यायचं. भूकंपात घराबाहेर पळताना डोक्यावर पदर नव्हता, याची खंत त्यांना इतक्या वर्षांनीही होती. “अख्खी गल्ली बघत होती, बाई!” त्या पहाटे अख्खी गल्ली तशीच पळत होती, हे काही त्यांना पटायचं नाही. भूकंपाच्या धसक्यानं सिमेंटच्या खोल्या आम्हा पोरींना देऊन त्या स्वतः अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत राहत.

अशा बाईनं एकदा माझ्या खोलीतल्या जळकोटच्या वैशालीचं जपानी चित्रकथेचं इंग्रजी पुस्तक जप्त केलं. “अभ्यास सोडून हे काय बघून राहिली गं?” असं दरडावून ते पदराखाली घालून गेल्या, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मला हळूच पत्र्याच्या खोलीत बोलावलं. “तुला इंग्रजी येतंय न्हवं? ह्या पोरीला पंख कशानं फुटले, तेवढं सांग.”

पुस्तक मागून पुढं वाचायचं असतं, हे मला सांगावंच लागलं नाही. त्यांचे वडील निजामाच्या काळात उर्दू शिकलेले, त्यांची पुस्तकं तशीच उघडायची. गोष्टीतली शाळकरी मुलगी केसांची फीत सोडायची, की तिला पंख फुटायचे, झगा झळाळायचा, आणि ती गावावर चालून आलेल्या सावल्यांशी लढायची. वर्गातल्या मुलाचा तिच्यावर जीव. पण पंख फुटले की तो तिला ओळखायचा नाही. “येडं हाय का काय ते पोरगं?” काकू चिडायच्या. “झगा बदलला की माणूस बदलतंय व्हय?” मुका घेतल्याचं पान आलं की डोळ्यांवर पदर ओढून “पलट, पलट ते!” म्हणायच्या. पदर मात्र चांगलाच विरळ होता. पुढं वैशालीही गोष्टीचे नवे भाग आणून शेजारी बसू लागली, आणि एकेक भाग संपत गेला.

मग एका रविवारी वैशालीचे वडील भाकरीचा डबा घेऊन आले आणि त्यांना तिच्या उशीखाली त्यातलं एक पुस्तक सापडलं. मुखपृष्ठावर हातात हात घातलेलं जोडपं. “हे शिकायला लातूरला धाडलं का तुला? बास झाली शाळा. पाहुणे विचारूनच राहिलेत.” त्यांनी गादीची वळकटी बांधायला घेतली.

दारात काकू आल्या. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या.

“ते पुस्तक माझं हाय, भाऊ.”

“तुमचं? ताई, पोरीला पाठीशी घालू नका. काय हाय ह्यात, सांगा बरं.”

जिन्यात पोरी जमल्या होत्या, दूधवाला थांबला होता, शेजारणी कठड्यावरून वाकल्या होत्या. आणि जमिनीकडे बघत काकूंनी सगळी गोष्ट सांगितली. पंख, सावल्या, ते येडं पोरगं. एक पान त्यांनी गाळलं नाही. पलटायला लावलेली पानंसुद्धा. कुणीतरी फिसकन हसलं. त्या थांबल्या, पदर सावरला आणि पुढं सांगू लागल्या. वैशालीच्या वडिलांनी वळकटीची गाठ कधी सोडली ते आम्हाला कळलंच नाही. जाताना ते काकूंना नमस्कार करून गेले.

वैशाली राहिली, बारावी झाली, आज ती किनवटच्या सरकारी दवाखान्यात नर्स आहे. काकूंना मात्र गल्लीनं सोडलं नाही. “आज कोन उडालं ओ?” असं बायका नळावर विचारायच्या. काकू भजनाला जायच्या बंद झाल्या. शेवटचा भाग आला तेव्हा आम्ही दोघी धावत पत्र्याच्या खोलीत गेलो. त्यांनी मुखपृष्ठावरून एकदा हात फिरवला आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

“नको गं आता. तुम्हीच वाचा.”

आम्ही ते उघडलं नाही. अजूनही माझ्याकडेच आहे.