चैतीच्या कानात

मुलुंडला देवळाच्या कोपऱ्यावर एक गाय बांधलेली असते. शेजारी हिरव्या चाऱ्याच्या पेंढ्या घेऊन एक बाई बसते. पैसे द्यायचे, पेंढी गाईपुढे टाकायची, हात जोडायचे आणि ऑफिस गाठायचं. वनमालाबाई मात्र तिथे ठाण मांडत. गाईच्या गळ्याखाली खाजवत, कानात गोचीड आहे का बघत. मागे पुण्य कमवणाऱ्यांची रांग लागे आणि चारेवाली वैतागे. गाय मात्र ढिम्म. मुंबईचीच ती, कोण कोण हात लावून जातं याचा हिशेब तिने कधीच सोडलेला.

"गाय ती गाय, पण आपली ती आपली," घरी येऊन वनमालाबाई सुनेला सांगत. सुनेला, म्हणजे अपूर्वाला, हे आता पाठ झालं होतं.

आपली म्हणजे कपिला. कणकवलीपलीकडच्या गावात वनमालाबाईंची थोडी भातशेती, काजूची चार झाडं आणि एक गोठा. नवरा, सहदेव, हयातभर मुंबईत. आधी गिरणीत, मग वॉचमन. गावचा संसार बाईंनी एकटीने ओढला. कपिलेची आई व्याली आणि गेली, तेव्हा बाईंनी त्या पोरक्या वासराला बाटलीने दूध पाजून वाढवलं. मोठी झाली तरी बाईंची हाक आली की कपिला तोंडातला चारा टाकून यायची. सहदेव हयात असताना म्हणायचा, माझं एवढं ऐकणारं या घरात कोणी नाही.

दिवाळीनंतर मुलगा नितेश त्यांना मुलुंडला घेऊन आला. अपूर्वा पोटुशी, तिला आई नाही, मग बाळंतपण करणार कोण? निघताना बाईंनी गाभण कपिलेच्या कपाळावर हात ठेवला आणि सांगितलं, "शिमग्याक येतंय."

शिमगा आला तेव्हा नात मांडीवर होती. सारी चाकरमानी मंडळी गावी गेली, पालख्या नाचवून परतलीही. वनमालाबाई नातीला तेल चोळत राहिल्या. नात गोड होती, देवाने दिलं होतं, पण जिवाची ओढ ती ओढ. त्या घराण्यात एक रीत होती. वासरू जन्मलं की घरातल्या मोठ्या बाईने त्याच्या कानात नाव सांगायचं; नावाआधी चिकाचं दूध पाजायचं नाही. इतकी वर्षं गोठ्यातलं प्रत्येक नाव वनमालाबाईंच्या तोंडून गेलं होतं. कपिलेच्या वासराचं नाव कोणी दुसरीने घ्यावं, हे त्यांना सोसवत नव्हतं.

चैत्रातल्या एका सकाळी, मागे गोठा सांभाळणाऱ्या धाकट्या जावेचा, कुंदाचा, फोन आला. "वयनी, पाडी झाली! कपिलेसारखीच कपाळार चांदकी आसा!"

वनमालाबाईंच्या हातातली तेलाची वाटी कलंडली. कालवड झाली! आता नावाचं काय?

"आई, टेन्शन कशाला घेता?" अपूर्वा म्हणाली. "व्हिडिओ लावते ना. कुंदाकाकी फोन पाडीच्या कानाला धरतील, तुम्ही नाव सांगा. झकास!"

बाईंना ते पटलं. रीतही राहते आणि डोळेही निवतात. पडद्यावर गोठा दिसला, शेणाने सारवलेली जमीन, ओली पाडी, मागचे पाय टेकून उठायची तिची धडपड. वनमालाबाईंना रडू आवरेना. कुंदाने फोन पाडीच्या कानाशी नेला.

"चैती," त्या म्हणणार होत्या. पण तोंडातून आलं ते, "कपिले, माझ्या बाय..."

पाडीला चाटणारी कपिला थबकली. तिने मान वर केली. मग दाव्याला हिसडा देऊन ती गोठ्याच्या दाराकडे वळली आणि बाहेरच्या खळ्याकडे, घरापुढच्या अंगणाकडे, बघत हंबरू लागली. पाडी धडपडत तिच्या कासेशी गेली, तर कपिलेने लाथ झाडली. कुंदाने थान दाबून पाहिलं. थेंब नाही. कपिलेने पान्हा चोरला होता.

"कपिले, अगो पाज तिका!" वनमालाबाई ओरडल्या. कपिला आणखीच जोरात हंबरली.

कुंदा फोन घेऊन घाईने खळ्याच्या टोकाला गेली. "वयनी, रागाव नकात. तुमचो आवाज आयकलो की ती पाडीक सोडून तुमका सोदता. पाडीच्या पोटात चीक गेलो नाय तर ती जगाची नाय."

वासरासाठी चीक म्हणजे काय, हे वनमालाबाईंना कोणी सांगायला नको होतं.

"नाव तू घाल," त्या शेवटी म्हणाल्या. "चैती."

"मी? रीत मोठ्या बायलेची आसा, वयनी."

"मग आजपासून थयच्या घरातली मोठी बाय तू."

कुंदा आत गेली आणि तिने फोन खिडकीत टेकवून ठेवला. वनमालाबाईंनी पदराचा बोळा तोंडात धरला. कुंदा पाडीच्या कानाशी वाकली. ओठ हलले. कपिला बराच वेळ दाराकडेच तोंड करून उभी होती. मुलुंडच्या अकराव्या मजल्यावर एक बाई हुंदकासुद्धा बाहेर पडू देत नव्हती. नात रडली, तशी अपूर्वा तिला उचलून आतल्या खोलीत घेऊन गेली आणि दार लोटून घेतलं.

मग पाडीने कासेला ढुशी दिली. एकदा, पुन्हा एकदा. तिचं शेपूट हलायला लागलं.

कुंदा फोन घेऊन बाहेर आली. "प्यायली गो, वयनी! पोटभर प्यायली. आता बोला, फोन भायर हाडलंय."

वनमालाबाईंनी तोंडातला पदर काढला.

"कपिला अजून खळ्याकडे बगता काय गो?"

"नाय," कुंदा आनंदाने म्हणाली. "आता पाडीकच चाटता."

"बरा झाला," वनमालाबाई म्हणाल्या, आणि तोंड फिरवून मोठ्याने रडल्या.