समोर माणूस शे का?

चष्मा कपाळावर सरकवायचा, हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवायचे आणि काळ्या पडद्याकडे बघत विचारायचं, "समोर माणूस शे का?" कुठलाही नवा प्रोग्राम चालवण्याआधी अक्का हे करायच्या. मी नवीन लागले तेव्हा मला वाटलं, बाईंना कोणी भेटायला येणार आहे. मी दारापर्यंत जाऊन बघूनही आले.

जळगावात केळी बागायतदारांच्या एका संघाच्या कार्यालयात आम्ही दोघी संगणकाचं काम बघायचो. अक्का मूळच्या एरंडोलच्या, पन्नाशी उलटलेल्या, लग्नाच्या भानगडीत न पडलेल्या. चारचौघांत शुद्ध मराठी, पण चिडल्या किंवा खुशीत आल्या की अहिराणी, 'आहे'चं 'शे'. रोज संध्याकाळी आम्ही शेतकऱ्यांच्या मोबाईलवर निरोप धाडायचो : उद्या तुमच्या बागेत कापणी आहे, मजूर सांगून ठेवा.

त्या प्रश्नाचं मूळ काय, याचं मला भारी कुतूहल. एकदा चहाच्या वेळी मी विचारलंच. अक्का हसल्या. "अगं, माझीच फजिती. ऐक."

हे निरोप धाडणारी पहिली स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, अक्कांनीच लिहिली होती. ती एक नाव घ्यायची आणि विचारायची, "यांना पाठवू का? नको असेल तर 'नाही' लिहा." अक्का स्वतः एकेक नाव टाइप करायच्या, उत्तर द्यायच्या, सगळं सुरळीत. पुढे नावं वाढली. एका प्रोग्राममधून निघालेली यादी थेट दुसऱ्याच्या तोंडात ओतायची सोय असते, तिला आम्ही पाईप म्हणतो. अक्कांनी तो पाईप जोडला आणि निर्धास्त घरी गेल्या.

आता गंमत बघा. स्क्रिप्टने पहिलं नाव घेतलं, प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहू लागली. समोर माणूस नव्हताच. पाईपमधून आलं ते पुढच्या शेतकऱ्याचं नाव. स्क्रिप्टने तेच उत्तर समजून गिळलं. ते काही 'नाही' नव्हतं, म्हणजे हो, म्हणून पहिल्याला निरोप गेला. दुसरा मात्र गायब. असं शेवटपर्यंत, एकाला निरोप आणि एक पोटात.

सकाळी चोपड्याहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "अक्का, मन्हा बागमा गाडी उभी शे, मजूर बठ्ठा दुसरा गावले गयात. निरोप काबर नही उना?" गाडी बागेत उभी, मजूर सगळे दुसऱ्या गावाला गेलेले आणि निरोप त्याला आलाच नव्हता.

अक्कांनी राहिलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून माफी मागितली. मग स्क्रिप्ट नव्याने लिहिली. ती आधी बघायची, समोर माणूस आहे की नुसता पाईप. पाईप असेल तर मधेच प्रश्न नाही, काय करायचं ते आधीच सांगून ठेवायचं. विचारणं भागच असेल तर पाईपला वळसा घालून थेट कीबोर्डवर बसलेल्या माणसाला विचारायचं. आणि कोणी काहीच न लिहिता नुसतं एंटर दाबलं, तर ते हो धरायचं नाही.

"चूक पाईपची नव्हती," अक्का म्हणाल्या. "गप्प बसलेल्याला मी हो धरलं, ती चूक."

हा धडा त्यांनी संगणकापुरता ठेवला असता तर ठीक होतं. पण तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, एक गोष्ट पटली की ती जेवणाच्या ताटापर्यंत नेणारी. हिवाळ्यात ऑफिसची भरीत पार्टी व्हायची. कोणी "सगळ्यांना तिखट चालतं" म्हणालं की अक्का उठून प्रत्येकाला विचारत फिरायच्या आणि भरीत थंड व्हायचं. एकदा आमच्या घरी आल्या. "हिला कॉफी लागत नाही, चहाच कर," असं माझे यजमान माझ्या जावेबद्दल म्हणाले. अक्का लगेच, "भाऊ, तुम्हले नही इचारं." जावेने कॉफी घेतली.

मागच्या वर्षी अक्कांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज मात्र शाबूत आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं. सुरतेहून धाकटा भाऊ आणि भावजय आले. डॉक्टर विचारत, "अक्का, डोकं दुखतं का?" भाऊ म्हणे, "नाही दुखत." "झोप लागली?" भावजय म्हणे, "छान लागली." डॉक्टर लिहून घेत. अक्का छताकडे बघत.

मग भावाने जाहीर केलं, "उद्या सुरतेला नेतो. इथली खोली सोडून देऊ." मला खात्री होती, अक्का जळगाव सोडायच्या नाहीत. आयुष्यभर कोणाच्या दारात मदत मागायला न गेलेली बाई. मी म्हणाले, "त्यांना विचारलंत का?"

"बोलता येत नाही तिला, ताई."

"डावा हात हलतो ना!"

मी त्यांच्या मुठीत माझं बोट दिलं. "अक्का, सुरतेला जायचं असेल तर बोट दाबा. नसेल तर हात उघडा."

काहीच झालं नाही. भाऊ पुटपुटला, "गप्प आहे म्हणजे तिची ना नाही."

"गप्प म्हणजे काहीच नाही. थांबा."

आम्ही थांबलो. बाहेर ट्रॉली गेली, पलीकडच्या पेशंटचा डबा आला. आणि अक्कांनी माझं बोट दाबलं. चांगलं घट्ट. माझा विश्वास बसेना. मी प्रश्न उलटा केला, "इथंच राहायचं असेल तर दाबा." त्यांनी हात उघडला आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

खरं सांगते, मला वाईट वाटलं. मला 'नाही' हवं होतं. त्यांच्याशिवाय ते ऑफिस कसं असेल, याची मला धास्ती होती. भाऊ मात्र भिंतीकडे तोंड करून रुमालाने डोळे पुसत होता. "मला वाटलं, हिला ओढूनच न्यावं लागेल," तो म्हणाला. "माझ्याकडे राहायचं तिच्या मनात असेल, असं कधी वाटलंच नाही मला."

दुसऱ्या दिवशी गाडी दवाखान्याच्या दारात लागली. अक्कांना मागच्या सीटवर उशा लावून बसवलं. उन्हं चढली होती. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला. भाऊ दारातून आत वाकला होता. "अक्का, काच खाली ठेवू का?" त्याने विचारलं, त्यांच्या मुठीत आपलं बोट दिलं आणि तसाच वाकून उभा राहिला.