लोटननानांची बेताची हवा

लोटननाना बसमध्ये बसले की आधी शेजाऱ्याचं आडनाव विचारतात. मग गाव. मग मामाचं गाव. तिसऱ्या प्रश्नापर्यंत माणूस त्यांच्या नात्यात आलेला असतो.

लग्नात ते नवरा-नवरीकडे बघत नाहीत. पंगतीत वाढणाऱ्या पोरांकडे बघतात. कोण वाकून वाढतो, कोण उभ्याउभ्या टाकतो.

मुलींचे फोटो वहीत पालथे ठेवतात. मुलांचे कसेही.

मुलाची उंची सांगताना दोन इंच वाढवतात. नोकरी सांगताना 'परमनंट' हा शब्द आधी येतो, नोकरी नंतर.

घरी चहा बशीत पितात. पाहुण्याकडे कपातून पितात आणि तोंड भाजून घेतात.

हे सगळं ते फुकट करतात. सोयरीक जुळवणं हा त्यांचा धंदा नाही. छंद म्हणावा, तर छंद असलेला माणूस कधीतरी जेवायला घरी येतो.

तरुणपणी नाना असे नव्हते. धरणगावच्या एका जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, ते कापसाच्या गाड्या तोलायचे. चौतीस वर्षं काटा दाखवेल तेवढंच लिहिलं. एक किलो इकडे नाही, एक किलो तिकडे नाही. शेतकरी चिडायचे, शेठ चिडायचा, नाना लिहायचे. मग ते निवृत्त झाले. चौतीस वर्षं दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर आलं. आता कोणताही आकडा त्यांच्या तोंडून निघताना थोडा जाडा होऊनच निघतो.

त्यांच्या बहिणीचा मुलगा प्रेमराज. वय बत्तीस. कापूस लावतो, मका लावतो, कमी बोलतो. बहिणीचा, सुनंदाबाईंचा, तो एकुलता. चार वर्षं झाली, त्याचं लग्न जुळत नव्हतं. मुलींना शेतकरी नको. शेतकऱ्यांच्या मुलींना तर नकोच. आणि शेतकऱ्यांनाही जावई शेतकरी नको. प्रेमराजची जमीन नऊ एकर. नानांच्या तोंडी ती पहिल्या वर्षी अकरा झाली, दुसऱ्या वर्षी चौदा, आणि आता अठरा. पावसाचा भरवसा नव्हता, पण जमीन दरसाल वाढत होती.

मार्चच्या अखेरीस अमळनेरला स्थळ होतं. मामा-भाचे मोटरसायकलवर निघाले. वाटेत मागचं टायर बसलं. गाडी ढकलत पंक्चरच्या दुकानापर्यंत गेले. दुकानदार हळदीला गेला होता. पोहोचायला दोन तास उशीर झाला. अमळनेरकरांनी चहा दिला, पण बिस्किटाशिवाय. आठ दिवसांनी निरोप आला, योग नाही.

नानांनी निदान केलं. टायरनं घात केला.

"भाऊ, टायरमुळे सोयरीक मोडस का कोठे?" सुनंदाबाई म्हणाल्या.

"मोडस. मी सांगस ना."

"आनि तू काय काय सांगं व्हतं तठे, ते?"

नाना चप्पल घालून बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी जळगावला गेले. हवा भरायचं मशीन घ्यायला.

दुकानात रूपा नावाची बाई होती. तिने दोन मशीनं समोर ठेवली. एक मोठं, लालभडक. दुसरं काळं, थर्मासएवढं.

"वायर नाही, नाना. घरी चार्ज करायचं, गाडीत टाकायचं."

"गाव कोणतं याचं?"

रूपाने खोकं फिरवून पाहिलं. "परदेशातलं आहे."

"म्हणजे चौकशी करता येणार नाही." नाना जरा नाराज झाले. "काम किती करतं?"

"एकदा चार्ज केलं की मोटरसायकलची सात-आठ टायरं. कारची चार. तीही थोडी कमी झालेली असतील तर. पार बसलेली असतील तर एक-दोन."

"स्वभाव?"

"काय?"

"तापतं का?"

"तापतं. दहा मिनिटं सलग चाललं की बंद करायचं, गार होऊ द्यायचं. नळीचं पितळी टोक लगेच धरलं तर हात भाजतो."

नाना तिच्याकडे बघत राहिले. विकणारी बाई मालाचे दोष सांगत होती. "ताई, तुमचं लग्न झालंय का?"

"दोन मुलं आहेत, नाना."

नानांनी अर्धवट काढलेली वही परत खिशात ठेवली.

लाल मशीनच्या खोक्यावर मोठ्या अक्षरात दीडशे लिहिलं होतं. रूपा म्हणाली, "दीडशेच्या दाबापर्यंत हवा भरतं म्हणे."

"कुणी लिहिलं हे?"

"कंपनीनं."

"म्हणजे मुलाच्या मामानं," नाना म्हणाले. "लावून दाखवा."

दोघं बाहेर आले. नानांनी स्वतःच्या गाडीच्या मागच्या टायरची हवा सोडली. रूपाने लाल मशीन लावलं. ते एवढं ओरडलं की समोरच्या दुकानातली माणसं बघायला आली. सव्वीसपर्यंत चढलं आणि तापून गप्प झालं. नाना हसले नाहीत. अशी मुलं त्यांनी पाहिली होती.

पुन्हा हवा सोडली. आता काळं मशीन. रूपाने नळी वॉल्व्हवर फिरवून घट्ट बसवली. टायरमध्ये किती हवा आहे ते पडद्यावर दिसलं. तिने बटण दाबत दाबत बत्तीस आकडा लावला आणि चालू केलं. मशीन गुरगुरू लागलं. घाई नाही, गाजावाजा नाही. दहा, अठरा, पंचवीस, एकतीस. बत्तीस. टक् करून थांबलं.

"बिघडलं?"

"नाही. झालं. बत्तीस सांगितलं होतं, बत्तीसला थांबलं."

"आपोआप?"

"आपोआप."

"कुणी हात लावला नाही, तरी?"

"नाही, नाना."

नाना खाली बसले आणि मशीन हातात घेऊन उलटंसुलटं पाहू लागले. हवा भरणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले होते. भरता भरता स्वतःहून थांबणारा पहिल्यांदा पाहिला.

धरणगावात आठवडाभर दुसरा विषय नव्हता. गल्लीतल्या प्रत्येक गाडीत नानांची हवा गेली. सुनंदाबाई बघायला आल्या. पडद्यावर एकोणतीस होतं.

"आज एकोनतीसच?"

"काय एकोनतीस?"

"ऊन. काल ते पेपरमा त्रेचाळीस व्हतं."

"हाई ऊन नही, बाई. हवा शे."

"मंग ठीक शे," सुनंदाबाई म्हणाल्या आणि लगेच मुद्द्यावर आल्या. "भाऊ, मना पोऱ्यानं यंदा व्हई का नही? दुसरं मी तुले काही इचारत नही."

नानांनी मशीनवर हात ठेवला. "शिरपूरनं स्थळ शे. आते वेळवर पोचतस. बठ्ठं जमी जाई."

एप्रिलच्या एका रविवारी, ऊन तापायच्या आत ते निघाले. प्रेमराज चालवत होता. नाना मागे, मांडीवर पिशवी, पिशवीत मशीन. चोपडा मागे पडलं आणि गाडीचं मागचं चाक डुलू लागलं.

टायरमध्ये बाभळीचा काटा होता. प्रेमराज उपटायला वाकला.

"हात लावू नको!" नाना ओरडले. "काटा आहे तोवर भोक बुजलेलं आहे. काढलास की इथेच मुक्काम."

मशीनने चौदा दाखवलं. नानांनी बत्तीस लावलं. रस्त्यावरून जाणारे एक काका थांबले, पाहिलं, काही न विचारता गेले. शिरपूरच्या अलीकडे पुन्हा एकदा हवा दिली आणि दोघं दहा मिनिटं आधी पाटलांच्या दारात उभे राहिले.

अभिमन पाटलांचं खताचं दुकान होतं. मुलगी दिपमाला एका कॉलेजच्या ऑफिसात काम करायची. ती पोहे घेऊन आली, ठेवले, आणि आत न जाता समोरच्या खुर्चीत बसली. नानांना हे नवीन होतं. प्रेमराज पोह्यातले शेंगदाणे मोजत असल्यासारखा खाली बघत होता. नानांनी सूत्रं हाती घेतली.

"अठरा एकर. सगळी बागायत. दोन विहिरी."

अभिमन पाटलांचा चमचा थांबला. "अठरा?"

"अठरा."

पाटलांनी मुलीकडे पाहिलं. मुलीने बशीकडे. अशी शांतता नानांना सोसत नाही. त्यांनी पिशवीतून मशीन काढलं आणि अमळनेरपासून आजच्या काट्यापर्यंत सगळी कथा सांगितली. पाटलांना आता मशीन चालताना बघायचंच होतं. अंगणात निंबाखाली त्यांची कार उभी होती. फारशी वापरात नव्हती. चारही टायरं थोडी थोडी बसली होती.

"आत्ता भरून देतो," नाना उठले. "पाहुण्यांचं काम, हात आखडायचा नाही." त्यांनी चाळीस लावलं.

प्रेमराजने ड्रायव्हरचं दार उघडलं. आतल्या कडेला चिकटवलेला हवेच्या आकड्यांचा कागद वाचला. "मामा, तेहतीस."

"अरे, पाच-सात जास्त असली तर काय बिघडतं?"

"या उन्हात अजून वाढते. मग फुटतं." प्रेमराजने बटण दाबून आकडा खाली आणला. "गाडी सावलीत उभी आहे. टायरं गार आहेत. आत्ता दाखवतो तोच आकडा खरा."

त्या दिवसातलं त्याचं हे सगळ्यात मोठं भाषण होतं. दिपमाला पायरीवर येऊन उभी होती.

"जमिनीचा आकडा कोणता खरा?" तिने विचारलं.

मशीन गुरगुरत होतं. नानांनी प्रेमराजच्या पायावर पाय ठेवला.

"नऊ," प्रेमराज म्हणाला.

"मग उरलेले नऊ?"

"ते मामांचे."

मशीन तेहतीसला थांबलं. दिपमालाने ओढणी तोंडाला लावली आणि आत गेली. मागोमाग पाटीलही आत गेले. आत ती हसत होती की रडत होती, ते अंगणातून कळेना.

बहिणीचं तोंड नानांच्या डोळ्यांसमोर आलं. हात रिकामा ठेवणं शक्य नव्हतं. त्यांनी दुसऱ्या चाकाला नळी लावली.

"चांगलं चाललेलं घालवलंस," ते कुजबुजले.

"मामा, अमळनेरचंही टायरनं गेलं नव्हतं."

"मग कशानं?"

"त्यांनी मोबाइलवर सातबारा काढला होता. आईला फोन आला होता. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून तिनं सांगितलं नाही."

दुसरं चाक झालं. मशीन तापलं होतं, ते गार होईपर्यंत दोघं निंबाखाली बसून राहिले. मग तिसरं चाक. आतून बोलण्याचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. नानांनी चौथ्या चाकाला, पुढच्या डाव्या बाजूच्या, नळी लावली. पडद्यावर एकवीस आलं.

"नाना, आत या," पाटील दारातून म्हणाले.

"आलोच. एवढं एक चाक..."

"आधी या."

नळी काढताना फुस्स झालं. नाना आत गेले आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"सातबारा आम्हीही पाहिला होता," पाटील म्हणाले. "परवाच. नऊ एकर, वर थोडे गुंठे. तुम्ही अठरा म्हणालात आणि मी घाबरलो. म्हटलं, भलत्याच मुलाला पोहे दिले की काय."

आतल्या खोलीतून हसू आलं. ते दिपमालाचं होतं. ती बाहेर आली आणि नानांना म्हणाली, "गुरुवारी सुट्टी आहे. आम्ही शेत बघायला येतो. मग सांगते. पण नऊच दाखवा."

"विहीर एकच आहे," नाना म्हणाले.

"तेही दिसलं."

नाना बाहेर आले आणि अंगणातूनच बहिणीला फोन लावला.

"काय व्हयनं, भाऊ?"

"गुरुवारले ई राहिनात. शेत देखाले."

"किती जन?"

"आठ-द..." प्रेमराज बघत होता. "तीन जन."

पलीकडून सुनंदाबाईंनी नाक ओढल्याचा आवाज तेवढा आला. नानांना घाई झाली. बाजारात पंक्चर काढून घेतलं आणि दोघं परतीच्या रस्त्याला लागले.

गुरुवारी पाटलांची कार धरणगावात सुनंदाबाईंच्या दारात आली. मागून पाटलीणबाई उतरल्या, दिपमाला उतरली. पाटील उतरले ते खांदा चोळत. "नाना, तीन चाकं भरलीत आणि एक ठेवलंत. शिरपूरपासून गाडी डावीकडे ओढतेय. दोनदा पेट्रोलपंपासमोरून आलो, पण म्हटलं, ज्यानं सोडलं त्यानंच भरावं."

"आत्ता भरतो," नाना म्हणाले आणि मशीन आणायला आपल्या घरी पळाले.

ते मशीन घेऊन परत आले तेव्हा सुनंदाबाईंनी पाटील आणि पाटलीणबाईंना घरात बसवलं होतं. शेत घरामागेच होतं. प्रेमराज आणि दिपमाला बांधावर उभे होते. प्रेमराज हात लांब करून काहीतरी दाखवत होता. हद्द असावी. ती काहीतरी विचारत होती आणि तो, जो घरात दिवसाला दहा शब्द बोलतो तो प्रेमराज, बोलतच होता.

नाना चाकाशी बसले. नळी लावली. एकोणीस. तेहतीस आकडा लावला. बोट बटणावर ठेवलं.

मशीन गुरगुरतं. बांधापर्यंत सहज ऐकू गेलं असतं.

नानांनी बोट उचललं. नळी चाकालाच राहू दिली आणि ते कारला टेकून बांधाकडे बघत बसले.