एक लाख बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

आमच्या घराला चोरापासून कधीच धोका नव्हता, माझ्यापासून होता.

मी गणिताचा मास्तर. हर्सूलच्या नव्या फ्लॅटला मी आकडे दाबून उघडणारं कुलूप बसवलं, तेही नेमकं आमच्या पल्लवीला बघायला पाहुणे येणार त्याच्या आदल्या संध्याकाळी. सहा आकडी नंबर हवा होता. दुसऱ्या कुणी लेकीची जन्मतारीख ठेवली असती. मी म्हटलं, १४२८५७! काय संख्या आहे महाराजा! दोननं गुणा, २८५७१४. तीननं गुणा, ४२८५७१. सहापर्यंत कितीनंही गुणा, तेच आकडे त्याच क्रमानं गोल फिरून येतात!

"आन चोर बी गणिताचा मास्तर निघाला तर?" बायको म्हणाली. (ती चेष्टा करत होती. मी ते मनावर घेतलं.) मी तिला स्वयंपाकघरात पाठवलं, संख्येला कशानं तरी गुणलं आणि उत्तर कुलपात भरलं.

दुसऱ्या दिवशी पिशोरहून पाहुणे आले. आम्ही दोघं स्वागताला जिन्यात उभे. एवढ्यात डोक्याला टॉवेल गुंडाळलेली पल्लवी "आले का?" म्हणत बाहेर आली आणि वाऱ्यानं दार धाडकन बंद! आत गॅसवर कुकर.

"उघडा की!"

"उघडतो की!" मी २८५७१४ दाबलं. ट्याँ! तीननं गुणून दाबलं. ट्याँ! चारनं. कुलपानं भोंगा वाजवला आणि पाच मिनिटं संप पुकारला.

"अवं, नंबर ध्यानात नाय व्हय?"

"संख्या पाठ आहे गं! कितीनं गुणलं तेवढं आठवंना!"

तोवर पाहुणे वर पोचले. मुलगा शेंद्र्याच्या कारखान्यात इंजिनियर, सोबत आई-वडील. पल्लवीनं टॉवेलसकट जिन्यातच नमस्कार केला.

"सर, फ्लॅट सोताचाच हाय ना?" मुलाच्या वडिलांनी जपून विचारलं.

"सोताचाच!"

"मंग घेत का नाय तुमाला आत?"

मी त्यांना संख्येचं सौंदर्य समजावू लागलो. कुकरनं शिट्टी मारली. शेजारणीनं एक खुर्ची आणून दिली. मुलाची आई त्या खुर्चीवर बसली, बाकीचे तिच्याभोवती, ग्रुप फोटोला उभं राहावं तसे. मी पाचनं गुणलं, सहानं गुणलं, शेवटी न गुणताच दाबलं. पुन्हा भोंगा, पुन्हा संप! आता आतून डाळ करपल्याचा वास येऊ लागला.

"सगळ्या शक्यता संपल्या," मी जाहीर केलं. "गणितानुसार हे दार उघडूच शकत नाही."

बायको कडाडली, "सात राह्यला की! सात जन्म तुमच्यासंगं काढायचेत, तसं सातनं बी गुना एकदा!"

मी हसलो. "सातनं आकडे फिरत नाहीत, अगं, सातनं तर..." आणि मी कपाळावर हात मारला. चोर हुशार असला तरी सहापर्यंतच गुणेल, या विचारानं मी सातनंच गुणलं होतं!

पाच मिनिटांनी कुलपाचा संप मिटला. सगळ्यांच्या नजरा माझ्या बोटावर. मी नऊ दाबला. परत नऊ. परत नऊ. शेवटपर्यंत नऊच. दार उघडलं.

"म्हंजी," मुलाचे वडील सावकाश म्हणाले, "नुसतं नऊच दाबायचं हुतं?"

करपल्या डाळीच्या वासातच पाहुण्यांनी पोहे खाल्ले. निघताना मुलानं मला हळूच बाजूला घेतलं.

"सर, एकच विचारायचं होतं. पल्लवी तुमच्यावर गेलीय की आईवर?"

आयुष्यात पहिल्यांदा मी एका झटक्यात बरोबर उत्तर दिलं, "आईवर."

"मग आमचा होकार समजा!"