बाबांच्या हातांची थरथर
खोबरेलात कालवलेल्या रंगाचा वास आला की मला चंद्रपूरची ती दुपार आठवते. बाबा वडशाला झाडीपट्टी नाटकांतल्या नटांचे चेहरे रंगवायचे. मिशी काढताना त्यांचा हात थरथरायचा. दारूला कधी न शिवलेल्या त्या माणसाला नाटक कंपनीचा मालक म्हणायचा, "मोहाची लावून आला का?" शेवटी एका दुपारी मी त्यांना चंद्रपूरला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मांडीवर ठेवलेले हात शांत होते. पेन धरताच थरथरले. बाई म्हणाल्या, "कंपवात नाही हा. त्यात हात बसल्या जागीही हलतो. हा कंप काम करताना येतो, आणि पुष्कळदा घराण्यातूनच." बाबा उठलेच. मला म्हणाले, "दारू नाई म्हणते नं? मालकाले तूच सांगजो." आता माझ्या हातातला चहा हिंदकळतो. कोणी टक लावून पाहिलं, की मी ठणकावून सांगते, "हा माह्या बाबाचा हात आहे."