आतोबांची अमेरिका

अमेरिकेत व्याज वाढलं म्हणून जेवण सोडणारा माणूस अख्ख्या बीड जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका आमच्या आत्याचा नवरा निघाला. नेकनूरला कोरडवाहू रान, दारात म्हशी, आणि जीव सगळा वॉशिंग्टनात. टीव्हीवर तिकडच्या बातम्या लागल्या की आतोबा घरात कुणाला खोकू द्यायचे नाहीत. आत्या चिडून विचारायची, "तिकडं व्याज वाढल्यावर हितल्या म्हशी आटत्यात का?" ते शांतपणे म्हणायचे, "आटत्यात. जरा दमानं आटत्यात." पुतणीला बघायला आलेल्या मुलाला त्यांनी पगार विचारला नाही, रुपया का पडतो ते विचारलं. तो नुसताच पाणी पीत राहिला. आतोबांनी तिथल्या तिथे नकार कळवला.

पण त्यांचा खरा पराक्रम दुष्काळातला. चारा छावणीसाठी गावच्या पतसंस्थेनं पैसे राखून ठेवले होते. एक इस्त्रीच्या कपड्यांतला दलाल आला आणि म्हणाला, हे पैसे आपल्यासारख्या विकसनशील देशांच्या रोख्यांत घाला, घसघशीत व्याज मिळेल. चेअरमन विरघळले. छावणीला लागूनच मांडवात सभा भरली. आतोबा उठले. "ही छावणी म्हंजी ते रोखे," ते म्हणाले, "आन् जनावरं म्हंजी जगाचा पैसा. मांडवाच्या पल्याडचा लिंब अमेरिका. तिथं खायला काय न्हाई, म्हणून जनावरं हितं थांबल्यात. आता तिकडं व्याज वाढतंय. बघा."

बघतो तो आतोबांनी कुठून तरी पैदा केलेला हिरव्या कडवळाचा भारा लिंबाखाली नुकताच येऊन पडला होता, आणि दावी त्यांनी आधीच सोडून ठेवली होती. सगळी छावणी मांडवातून आरपार गेली. चेअरमन टेबलावर चढले, दलाल खांबाला बिलगला, आणि एका वगारीनं त्याचं रंगीत माहितीपत्रक शांतपणे खाल्लं. धुळीतून आतोबांचा आवाज येत होता, "पैसा असा जातो. मागं ऱ्हायलेल्या रोख्याला मग कोन इचारतं? त्याचा भाव पडतो."

ठराव बारगळला. पैशाचा चारा आला. पुढं अमेरिकेत व्याज चढत गेलं आणि ते रोखे खरोखरच गडगडले, तोवर आमची जनावरं रवंथ करत होती.

शेवटी आतोबा अंबाजोगाईच्या दवाखान्यात होते. मी गेलो तेव्हा आवाज पार खोल गेला होता. मला जवळ बोलावून त्यांनी विचारलं, "काय म्हनती अमेरिका?"

"या खेपेला काही वाढवलं नाही, आतोबा."

माझा हात थोपटून ते म्हणाले, "बरं झालं. निजतो मंग जरा."