बोक्याचा चौथा पाय

गेल्या पौषातला दुसरा रविवार. रक्कम अठरा हजार. हजर: मी, सासूबाई, महाडचे जनावरांचे डॉक्टर आणि बास्केटमध्ये आमचा बोका. आदल्या संध्याकाळी पोलादपुरात आमच्या दारासमोरच त्याला मोटारसायकलने उडवलं होतं.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा तुटला होता. कृत्रिम खुबा पुण्यात बसतो, खर्च लाखाच्या वर. नाहीतर तुटलेला गोळा काढून जागा तशीच सोडायची. ते इथंच होणार होतं, अठरा हजारांत.

सासूबाईंचा खुबा दोन वर्षांपूर्वी बदललाय. त्यांनी वॉकर आपटला. "माझ्यात नवा घातला, आनि याच्यातला हाय तोबी काढनार? मग ह्यो चालनार कशावर?"

"मांसावर, आजी. चार किलोचं मांजर, स्नायूच सांधा धरून ठेवतात."

"म्हंजे मी जड, असंच ना?"

डॉक्टरांनी एक्स-रे पाकिटात सारला. मला बजावलं, "टाके निघाले की पाय टेकवायला लावा. नाहीतर आखडेल आणि जन्मभर तीन पायांवर राहील."

टाके निघाले. तरी बोका बगलेत छत्री मारावी तसा तो पाय पोटाशी धरून हिंडायचा. मी पाय चोळायचे, तो बोचकारायचा. सासूबाई वॉकर घेऊन त्याच्या मागे. "चल रे मुडद्या, पडवीच्या टोकापर्यंत. मग दूध."

वाक्य ओळखीचं होतं. मीच त्यांना असं म्हणायचे, फक्त दुधाच्या जागी चहा असायचा.

"मला काय कमी छळलंस गो?" त्या म्हणाल्या. "आता ह्याची पाळी."

महिना गेला, पाय काही खाली येईना. मग एका सकाळी मासेवालीने पडवीत टोपली उतरवली आणि माझ्याशी भावाची घासाघीस सुरू केली. बोका कोपऱ्यातून आला, बांगडा उचलला आणि अंगण ओलांडून पळाला.

"मेल्या!" मासेवाली ओरडली.

"टेकला गो, टेकला!" सासूबाई तिच्याहून मोठ्यांदा. "चारी टेकले!"

"चार टेकू दे नायतर आठ, माझा बांगडा गेला!"

मी म्हटलं, लहानसाच होता, तीस घे. ती चाळिसावरून हलेना. सासूबाईंनी मला गप्प केलं, कमरेची पिशवी सोडली आणि मासेवालीच्या हातावर पन्नास ठेवले. सुटे परत घेतले नाहीत.